नाय म्हणूक जागा नाय

हातात तुळशीचं पान घेऊन, चारचौघांना ऐकू जाईल अशा आवाजात शपथ घेऊन सांगते, ह्यातला शब्दन्‌शब्द खरा आहे. खोटं निघालं तर तोंडात जे काही दात उरलेत त्यांनीही मला सोडून जावं. लालबागच्या ज्या चाळीत हे घडलं ती चाळ अजून उभी आहे. बिल्डरचा बोर्ड लागलाय, पण चाळ उभी आहे. पटत नसेल त्याने दुसऱ्या मजल्यावर जाऊन गंगूबाईला विचारावं. ती सगळ्यालाच नाही म्हणेल, पण ते का, ते पुढे येईलच.

तर अपेक्षा. तिसऱ्या मजल्यावरच्या राऊळांची मुलगी. दिवसा परळच्या एका ऑफिसात कॉम्प्युटरवर काम करायची, पगार घेऊन. घरी आली की पुन्हा कॉम्प्युटरवरच काम करायची, फुकट. पगाराचं काम आईला कळायचं. फुकटचं कळायचं नाही, आणि ते काम लग्नाच्या बायोडेटात कुठे लिहायचं हा तिच्यापुढे प्रश्न होता.

ते फुकटचं काम म्हणजे 'अक्षरपेटी'. हे एक भांडार आहे, पण गहू-तांदळाचं नाही, सॉफ्टवेअरचं. शाळांतल्या कॉम्प्युटरवर पोरांना मराठी टाईप करता यावं म्हणून लागणारं जे काही असतं, त्याची पाकिटं बांधून तिथे ठेवलेली असतात. नवीन पाकीट आलं की गावोगावच्या शाळांचे कॉम्प्युटर ते आपणहून उचलतात. ही पाकिटं बांधायची अपेक्षा. पण तिच्या हातचं पाकीट कुठलाही कॉम्प्युटर घ्यायचा नाही. त्यावर सही लागायची, आणि सहीची चावी होती गिरगावात, गुरुदत्तकाकांकडे.

आमच्याकडे लोणच्याच्या बरणीला दादरा बांधतात ना, तसं हे समजा. गाठ बघून कळतं, कुणी बांधलीय. गाठ बदललेली दिसली की समजायचं, मध्ये कुणीतरी हात घातला. शाळेचा कॉम्प्युटर पाकीट उघडण्याआधी गाठ बघतो. गुरुदत्तकाकांची असली तर उघडतो, नसली तर हात लावत नाही. ही गाठीची पद्धत नव्हती तेव्हा कुणा टवाळाने नकली पाकीट सोडलं होतं, आणि एका शाळेत पोरांनी 'कमळ' टाईप केलं की लॉटरीची जाहिरात उमटायची. एका पोराने 'माझा आवडता पक्षी' हा अख्खा निबंध लॉटरीच्या जाहिरातीत लिहिला. मास्तरांनी त्याला दहातले सात दिले. शुद्धलेखनाची चूक नव्हती.

गुरुदत्तकाका जुन्या घराण्यातले, गिरगावातच जन्मलेले, विम्याच्या ऑफिसातून रिटायर झालेले. त्यांचा चावीचा कॉम्प्युटर सोवळ्यातला. त्याला जन्मात कधी इंटरनेट लागलेलं नाही. लागलं की विटाळ. अपेक्षाने पेनड्राइव्हवर पाकीट नेलं की काका आधी दुसऱ्या एका मशीनवर पेनड्राइव्ह धुऊन-पुसून घेणार, मग आंघोळ करणार, सोवळ्याचा रेशमी कद नेसणार आणि मग त्या कॉम्प्युटरला हात लावणार. पासवर्ड म्हणून एक लांबलचक स्तोत्र होतं, ते एका दमात, एकही चूक न करता टाईप करावं लागायचं. अपेक्षाला चहा मिळायचा तो स्तोत्र संपल्यावर. सहा वर्षं हे असं चाललं होतं.

त्या एप्रिलमध्ये ती गेली तर करून ठेवलेला चहा गार होऊन गेला तरी स्तोत्र संपेना. काका बाहेर आले, कदाच्या टोकाला हात पुसत बसले. म्हणाले, बोटं थरथरतात हल्ली. तिसऱ्या ओळीत चूक होते आणि मशीन पहिल्यापासून म्हणायला लावतं. मग त्यांनी सांगितलं, की चावीला तारीख असते, दुधाच्या पिशवीवर असते तशी. त्यांच्या चावीची तारीख मे महिन्याच्या अखेरीस संपत होती, आणि ह्यावेळी ती वाढवायची नाही असं त्यांनी ठरवलं होतं. त्या चावीने ते फक्त आणखी एकाच गोष्टीवर सही करणार होते. नव्या चावीवर. ती चावी अपेक्षाची असावी अशी त्यांची इच्छा होती, पण एक अट होती. पाच माणसांनी अपेक्षाला समोर उभं करून, ही तीच आहे ना बघून, तिच्या चावीचा ठसा जुळवून साक्ष द्यायची. तसं झालं नाही तर भांडार बंद. जूनमध्ये शाळा उघडतील तेव्हा सगळ्या कॉम्प्युटरवर लाल अक्षरात येईल, की ह्या दुकानाचा आता भरवसा नाही.

"काका, तुमचा माझ्यावर विश्वास नाही का?" अपेक्षाने विचारलं.

"पूर्ण आहे. पण तो माझ्या खिशात आहे. तिकडे खेड्यातल्या मास्तरांना तो दिसणार कसा?"

ठसा म्हणजे काय, तर चाळीस आकडे आणि इंग्रजी अक्षरं, चार-चारच्या दहा घासांत. प्रत्येक चावीचा वेगळा. एक अक्षर इकडचं तिकडे झालं की चावी दुसऱ्याच कुणाची. तो कुणालाही दाखवायला हरकत नसते. लपवायची असते ती चावी.

अक्षरपेटीचं काम करणारी बाकीची मंडळी कुणी नागपूरला, कुणी बेळगावला, एकजण जर्मनीला. अपेक्षाने व्हिडिओ कॉलचं सुचवलं. काका म्हणाले, व्हिडिओत माणूस दिसतो, असतोच असं नाही. मग साक्षीदार म्हणून चालेल तरी कोण, असं तिने विचारलं, तेव्हा ते म्हणाले, डोळे असलेला कुणीही चालेल, फक्त तो डोळे वापरणारा पाहिजे. अपेक्षा ह्यातला पहिला अर्धा ऐकून उठली. डोळे असलेली माणसं तिच्या चाळीत पुष्कळ होती.

एक मेला चाळीची सत्यनारायणाची पूजा असते. तेव्हा सगळी चाळ पटांगणात जमते. तीर्थप्रसादानंतर पाच मिनिटं आपण ठसा वाचावा, लोकांनी हातातल्या कागदाशी ताडून बघावा, असा अपेक्षाचा बेत होता. तो कुशाबांच्या कानावर गेला.

कुशाबा म्हणजे सगळ्या चाळीचे आबा. गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, होते. गिरणी बंद पडली, पण आवाज खात्यातलाच राहिला, खडखडाटाच्या वर जाणारा. चाळीत गाऱ्हाणं घालायचं ते त्यांनीच. गाऱ्हाणं म्हणजे सगळ्यांच्या वतीने देवाला साकडं. एकाने म्हणत जायचं, आणि प्रत्येक वाक्याला बाकीच्यांनी 'व्हय म्हाराजा' म्हणायचं. कुशाबांनी सुरुवात केली की लालबागच्या पुलावर गाड्या हॉर्न द्यायच्या थांबतात आणि पार परळपर्यंतचे कावळे खाली बसतात. मी मोजले नाहीत, पण बसतात. आबा एकेकाचं नाव घेऊन मागायचे. कुणाला नोकरी दे, कुणाला पोर दे, कुणाच्या गुडघ्याचं बघ. आणि शेवटी न चुकता म्हणायचे, 'जो कोण ऱ्हवलो असात, तेकाय सांभाळ रे म्हाराजा.' नाव राहिलं म्हणून कुणी रुसू नये, माणूसही नाही आणि भूतही नाही.

अपेक्षाचा बेत ऐकून आबांना वाईट वाटलं. देवासमोर नुसते आकडे वाचायचे, हा काय मटका आहे का, असं ते म्हणाले. चाळीत जे काय जाहीर होतं ते गाऱ्हाण्यातच होतं, तेव्हा ठसाही गाऱ्हाण्यातच जाईल आणि तो तेच घालतील. अपेक्षाने कागद पुढे केला तर त्यांनी तो पाठ करायला घेतला.

"गाऱ्हाणा वाचूचा नसता गो," ते म्हणाले. "घालूचा असता."

मग काय, आबा गॅलरीत येरझाऱ्या घालत ठसा घोकायला लागले. एबीसीडी त्यांना एफपर्यंतच यायची, कारण गिरणीत खाती एफपर्यंतच होती. ठशातही अक्षरं एफपर्यंतच असतात. अपेक्षाला हा शुभशकुन वाटला. तळमजल्यावरच्या पोपटाला पहिली चार अक्षरं यायला लागली.

आता गंगूबाईचं. अपेक्षाच्या खोलीच्या बरोब्बर खाली गंगूबाईची खोली. एका उन्हाळ्यात तिने गॅलरीच्या कठड्यावर सांडगे वाळत घातले होते, आणि वरून अपेक्षाच्या आईने चादर झटकली. एका सांडग्यावर निळा दोरा पडला. तो दोरा गंगूबाईने पुरावा म्हणून कुंकवाच्या डबीत ठेवला. तेव्हा अपेक्षा फ्रॉकमध्ये होती. आता ती नोकरी करते आणि दोरा अजून डबीत आहे. त्या वेळी चाळीतल्या कुणी गंगूबाईची बाजू घेतली नाही. तेव्हापासून ती गाऱ्हाण्याला येते, पुढे बसते, पण 'व्हय म्हाराजा' म्हणत नाही. ओठ मिटून देवाकडे बघत बसते, उसनं दिलेलं पातेलं परत न करणाऱ्या शेजारणीकडे बघावं तशी.

पूजेला गुरुदत्तकाका आले. पांढरा बुशशर्ट, मे महिन्यात छत्री. त्यांना प्लास्टिकची खुर्ची दिली. ठशाचे कागद त्यांनी स्वतः छापून आणले होते, ते सगळ्यांना वाटले. शेजारच्या राहुलने तर खूण करायला पेनही उघडून ठेवलं. आबा उभे राहिले, हात जोडले, डोळे मिटले.

"बा देवा म्हाराजा..."

"व्हय म्हाराजा."

"आज ह्या आमच्या चेडवाच्या, अपेक्षाच्या, चावीचो ठसो तुझ्या पायाकडे ठेवतंव. तो तू मान्य करून घे रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

"नऊ, ए, चार, सी रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

पुलावरचे हॉर्न थांबले. एकेक घास आबा असा टाकत होते, की देवालाही पाठ व्हावा. सहावा घास गेला. सातवा होता दोन, एफ, शून्य, बी. तिथे आबा अडकले. श्वासभरच. पण गाऱ्हाणं घालणारा थांबत नसतो. थांबला तर मागणं अर्ध्यावर राहतं. आणि त्यांच्या तोंडातून जो नंबर आपसूक आला तो त्यांच्या गिरणीच्या बिल्ल्याचा. उभा जन्म दरवाज्यावर सांगितलेला.

"तीन, एक, सात, चार रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," सगळी चाळ म्हणाली. सगळ्यांच्या हातात कागद होते, कागदावर ठळक दुसरंच छापलेलं होतं, आणि सगळी चाळ व्हय म्हणाली. राहुलने त्या घासापुढे बरोबरची खूण केली. अपेक्षाला आधी वाटलं, लोकांचं ऐकण्यात चुकलं असेल. मग तिच्या लक्षात आलं, की व्हय म्हणणाऱ्यांत तिचा आवाज पण होता.

गुरुदत्तकाकांनी छत्री वर केली.

"नाही," ते हळूच म्हणाले. सगळे बघायला लागले तेव्हा त्यांना वाटलं असावं की काहीतरी कमी पडलं. म्हणून त्यांनी पुढे जोडलं, "नाही, महाराज."

त्या चाळीत गाऱ्हाण्याला नाही म्हटलेलं आजवर कुणी ऐकलं नव्हतं. पटांगणात एवढी शांतता झाली, की शिऱ्यातल्या केळ्याचा वास ऐकू यायला लागला. परळचे कावळे उडाले. आबांनी डोळे उघडले, छत्रीकडे बघितलं, मग अपेक्षाकडे बघितलं. जोडलेले हात सोडले आणि जिना चढून आपल्या खोलीत गेले. देव अर्ध्या गाऱ्हाण्यावर तसाच बसून राहिला.

काकांनी शिरा संपवला, उत्तम झालाय असं आधी सांगितलं, कारण गिरगावचा माणूस, रीत सोडणार नाही. मग अपेक्षाला जिन्याखाली बाजूला घेतलं.

"ह्या सगळ्यांचा तुझ्यावर जीव आहे, अपेक्षा. म्हणून ह्यांच्यातला एकही साक्षीदार होऊ शकत नाही."

"मी पण व्हय म्हटलं, काका."

"ऐकलं मी," काका म्हणाले, आणि छत्री घेऊन गेले.

त्यानंतर आबांनी अपेक्षाशी बोलणं टाकलं. ती समोरून आली की ते भिंतीकडे तोंड करून उभे राहायचे, भिंतीला काहीतरी विचारायचं असल्यासारखे. मे पुढे सरकत होता. ऑफिसात अपेक्षाचं लक्ष लागेना. कुणाला धरून आणावं, ह्याचा विचार करत ती गॅलरीत बसायची. ओळखीच्या माणसाला आणलं की तो म्हणणार, अगं तूच ना ती, बघायचं काय त्यात. अनोळखी माणसाला आणलं तर त्याला काय पडलंय.

एका सकाळी आईने सवयीने कठड्यावरून चादर झटकली. खालून गंगूबाईचा आवाज आला. रोज यायचा, पण अपेक्षाने त्या दिवशी पहिल्यांदा नीट ऐकला. गंगूबाई चादरीचा रंग सांगत होती. किती वेळा झटकली ते सांगत होती. कालच्यापेक्षा कठड्याच्या किती बाहेर हात आला ते पण सांगत होती. वर न बघता. अपेक्षा चहाचा कप तसाच ठेवून जिना उतरली.

गंगूबाई तांदूळ निवडत बसली होती. आत ये म्हणाली नाही. अपेक्षा उंबऱ्याबाहेर उभी राहिली. मदत कर असं तिने म्हटलंच नाही. म्हणाली, मला एक मोठा मान मिळायचाय, गंगूआजी. त्याआधी पाच माणसांनी माझी तपासणी करायचीय, माझ्यात काही खोट आहे का त्याची.

गंगूबाईचा हात ताटात थांबला.

"आनी खोट गावली तर?"

"तर मान मिळणार नाही."

गंगूबाईने ताट बाजूला सारलं आणि चष्मा शोधायला उठली.

बाकीचे साक्षीदार जमवायचं कामही तिनेच अंगावर घेतलं. राऊळांच्या घराशी वाकडं असलेलीच माणसं पाहिजेत, हे तिला सांगावं लागलं नाही. दुपारपर्यंत दुसऱ्या मजल्यावर रांग लागली. किरकोळ तक्रारवाल्यांना तिने परत पाठवलं. जिन्यातल्या चपलांवरून रुसलेला एकजण फार गयावया करत होता, त्याला म्हणाली, आधी राग वाढवून ये. निवडले ते असे. नम्रता, कारण अपेक्षाने तिच्या भावाचे कांदेपोहे दोनदा खाऊन त्याला नकार दिला होता. अवधूत, ज्याची स्कूटर अपेक्षाच्या आईने कमिटीला सांगून नळापासून हलवली होती. आणि रुपाली, जी कमिटीची निवडणूक एका मताने हरली होती, आणि ते मत कुणाचं ते तिला माहीत होतं. पाचवा मिळेना. तेव्हा कुशाबा आपणहून खाली उतरले.

"माका तिचो राग इलो हा," ते म्हणाले. "चलात काय?"

"कितपत?" गंगूबाईने विचारलं.

"तिच्यामुळे देवाक अर्ध्यार सोडलंय."

"बसा," गंगूबाई म्हणाली.

अपेक्षाला तिथेच कसंतरी झालं. आबांसमोर असं बसायचं तिने कधी मनात आणलं नव्हतं. पण चार झाले होते आणि पाच लागत होते.

तपासणी दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीत झाली. गुरुदत्तकाकांसाठी तीच प्लास्टिकची खुर्ची. त्यांनी पाचजणांना पाच कागद दिले. पण ठशाआधी, ही अपेक्षाच आहे का, ते बघायचं होतं. नम्रताने आधार कार्ड उजेडाला धरलं आणि म्हणाली, फोटो हिचा वाटत नाही. अवधूत म्हणाला, तसा कुणाचाच वाटत नाही, पण हिचा जरा जास्तच वाटत नाही. शाळेचा दाखला मागवला. रुपालीने त्याच्यावरचा शिक्का नखाने खरवडून बघितला. शेवटी गंगूबाईने अपेक्षाला डावं कोपर दाखवायला लावलं. तिथे एक जुना व्रण होता.

"माझ्या तुळशीच्या कुंडयेर पडलला," गंगूबाई म्हणाली. "कुंडी फुटली. भरून दिल्यानी नाय." आणि मग नाखुशीने, "ताच हा ह्या चेडू."

अपेक्षाने लॅपटॉप उघडून ठसा वाचायला घेतला. ह्यावेळी घासाघासाला कुणी व्हय म्हणत नव्हतं. प्रत्येक घासानंतर पाच चष्मे लॅपटॉपवर यायचे आणि परत कागदावर जायचे. गंगूबाईला इंग्रजी येत नाही. पण दोन दाणे सारखे आहेत की नाहीत हे बघायला इंग्रजी लागत नाही. केसातला आकडा काढून ती एकेक अक्षर बाजूला सारल्यासारखं करत होती.

सातवा घास आला. दोन, एफ, शून्य, बी. आबांचं बोट त्या जागेवर आधीपासूनच होतं. चारही अक्षरं त्यांनी एकेक करून बोटाखालून नेली.

"आसा," ते म्हणाले. अपेक्षाकडे बघितलं नाही.

आठवा गेला. नवव्याला गंगूबाईने आकडा कागदात रोवला.

"खोट," ती म्हणाली. आवाज चढवला नाही, कारण एवढ्या वर्षांनी देव पावला की माणूस ओरडत नाही, गप्पच होतो.

तिच्या कागदावर आठ होता तिथे लॅपटॉपवर डी होता. नम्रता वाकली, अवधूत वाकला. अपेक्षाने लॅपटॉप स्वतःकडे ओढला. आपल्या मशीनमध्ये कुणी हात घातला? का चावीच दुसरी आहे? सहा वर्षं बांधलेली पाकिटं तिच्या डोळ्यांसमोरून गेली, आणि त्यामागून शाळेच्या पडद्यावरची लाल अक्षरं.

गुरुदत्तकाका उठले, कागद बघितला, आणि खिशातून दुसरा काढून गंगूबाईला दिला.

"बरोबर धरलंत बाई. तो मी घातला होता. पाचांतल्या एका कागदात एक खडा. मागच्या वेळेसारखं व्हायला नको होतं."

गंगूबाईने नवा कागद घेतला. त्यावर डी होता. ती एवढी उदास झाली की अपेक्षालाच वाईट वाटलं. मग गंगूबाई म्हणाली, आता हे परत व्हायला पाहिजे, आणि ह्यावेळी मागून पुढे. झालं. मग म्हणाली, मधून दोन्हीकडे. तेही झालं. एकदा कागद उलटा करून उजेडाला धरून पण झालं.  काका एवढे सुखात बसले होते की छत्री हातातून गळून पडली तरी उचलली नाही.

तिघांनी सह्या केल्या. आबांनीही केली, आणि सहीखाली सवयीने बिल्ला नंबर घातला. उरली गंगूबाई. काकांनी तिला विचारलं, मग बाई, होय लिहू?

"व्हय माझ्या तोंडातसून येवचा नाय," गंगूबाई म्हणाली. पुन्हा एकदा कागदावरून आकडा फिरवला, वरून खाली, आणि तो केसात खोचून टाकला. "पण नाय म्हणूक जागा नाय."

काकांनी तिला ते परत म्हणायला लावलं आणि जसंच्या तसं लिहून घेतलं. अक्षरपेटीच्या पानावर ठसा आहे, त्याखाली पाच नावं आहेत आणि ते वाक्य आहे. जर्मनीच्या माणसाने विचारलं, ही कुठली भाषा. त्याला सांगितलं, तपासणीची.

मे संपायच्या आत गुरुदत्तकाकांनी आंघोळ केली, कद नेसले आणि सोवळ्यातल्या कॉम्प्युटरपुढे बसले. अपेक्षा पाठ करून भिंतीकडे बघत उभी राहिली, कारण स्तोत्र तिने बघायचं नाही. तिसऱ्या ओळीत चूक झाली. पहिल्यापासून. परत तिसऱ्या ओळीत. तिला मागे वळून हात धरावासा वाटत होता, पण तेवढंच करायचं नव्हतं. पुढच्या खेपेला स्तोत्र संपलं. जुन्या चावीने नव्या चावीवर सही झाली. काकांनी कद सोडला आणि म्हणाले, आता चहा तू कर.

जूनमध्ये शाळा उघडल्या. कॉम्प्युटरांनी नवी गाठ बघितली, तिच्यावर जुन्या गाठीची खूण बघितली आणि पाकीट उघडलं. कुणाच्या काही लक्षात आलं नाही. म्हणजे सगळं नीट झालं.

पण त्याच्या आधीची एक संध्याकाळ राहिली. सह्या झाल्या त्या दिवशी आईने ताज्या सांडग्यांचं ताट भरलं, वर रुमाल घातला आणि खाली निघाली. गंगूबाईने एवढं केलं, आता बोलायला काय हरकत, असं तिचं म्हणणं. अपेक्षाने तिला जिन्यातच गाठलं.

"आई, मागे फिर."

"अगं, बाईने दुपार घालवली तुझ्यासाठी."

"म्हणूनच. चावी दोन वर्षांची आहे. मग परत तपासणी. तुम्ही दोघी बोलायला लागलात तर त्या बाद."

आईने थोडा विचार केला. मुलीचं काम तिला पहिल्यांदाच कळलं. ती वर गेली, आणि संध्याकाळची वेळ असूनही कठड्यावरून चादर झटकली. खालून गंगूबाईने चादरीच्या सात पिढ्यांचा उद्धार केला, नेहमीपेक्षा जरा मनापासून. दोन्ही मजल्यांवर त्या रात्री शांत झोप लागली.

आबांचं तसं नव्हतं. तिथे भांडण असं नव्हतंच, नुसतं जाऊन पाया पडलं असतं तर मिटलं असतं, आणि मिटलं की एक साक्षीदार कमी. अपेक्षा दोनदा त्यांच्या दारापर्यंत गेली आणि परत आली. त्यांनाही ते कळत असावं, कारण त्यांनी दार उघडं ठेवलं होतं आणि तोंड भिंतीकडे.

पुढच्या एक मेला पूजा झाली. आबा उभे राहिले, हात जोडले. हॉर्न थांबले, कावळे बसले. आबांनी एकेक नाव घेतलं. राहुलला परमोशन मागितलं, पोपटासाठीही मागितलं. राऊळांच्या घरातल्या सगळ्यांची नावं घेतली, अपेक्षाचं सोडून. साक्षीदाराने तिचं नाव घेऊन चाललं नसतं. ती मागे उभी राहून चपलांकडे बघत होती.

मग शेवट आला. आबांनी डोळे उघडले. गाऱ्हाण्यात ते आपणहून कधी डोळे उघडत नाहीत.

"जो कोण ऱ्हवलो असात," ते म्हणाले, आणि थांबले. गाऱ्हाणं घालणारा थांबत नसतो, पण ते थांबले. "जो कोण ऱ्हवलो असात, तेकाय सांभाळ रे म्हाराजा."

सगळी चाळ मागे वळली. अपेक्षाकडे बघितलं. आणि तिच्याकडे बघून, एका आवाजात, "व्हय म्हाराजा" म्हणाली. पुढच्या रांगेत गंगूबाईचे पण ओठ हलले.

आता तुळशीचं पान हातात आहे म्हणून सांगते. ते गंगूबाईच्या ओठांचं तेवढं मी पदरचं घातलं. ती त्या वेळी तिथे नव्हतीच, दूध उतू जातंय म्हणून वर गेली होती. बाकी सगळं, कावळ्यांसकट, खरं आहे.